शाळेच्या ॲपमधली मुलांची माहिती जाते कुठे?

लोकमान्यनगरची_आई
नमस्कार मंडळी, इंदूरचे कुणी पालक आहेत का इथे? मुलगी सातवीत आहे, शाळेनं यंदा होमवर्क आणि टेस्टसाठी ॲप लावलंय. ॲप चांगलंय, खोटं कशाला बोलू, पंधरा दिवसांत कळलं की अपूर्णांकांची बेरीज हिला येते पण छेद वेगळे असले आणि वजाबाकी आली की दरवेळी तिथेच गाडी अडते, ट्यूशनच्या सरांनाही हे कधी दिसलं नव्हतं. पण मागच्या मंगळवारी दुपारी फोन, "मॅम, आपकी बिटिया मैथ्स में थोड़ी वीक है ना?" कोचिंगवाले! नाव, इयत्ता, मार्क सगळं ठाऊक. मी गारच पडले. वर आता अपार आयडीचा संमतीचा फॉर्म आलाय, आधार द्या, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांना दिलेला नंबर) द्या. सही करू की नको? आमचे हे म्हणतात सगळेच करतात, तुझंच काय निराळं.

कोडवाला_विजयनगर
ताई, ॲप आणि अपार यांची गल्लत करू नका. अपार म्हणजे सरकारचा १२ आकडी नंबर, मार्कशीट वगैरे त्याला जोडतात, शाळा बदलली की सोपं जातं. तो ऐच्छिक आहे, पालकांची संमती लागते आणि दिलेली संमती मागेही घेता येते, शाळा काही का म्हणेना. ॲपचं प्रकरण वेगळं. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, त्यांचा डेटा घ्यायला आईवडिलांची परवानगी पाहिजे, त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, दंड २०० कोटींपर्यंत. ऐकायला झकास. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने, शिवाय शिकवण्यासाठी मुलांवर लक्ष ठेवायला शाळांना त्यात सूट आहे. त्यामुळे सध्या विचारायचं तुम्हीच, आणि लेखी विचारायचं: काय काय साठवता, कुणाला देता, मुलगी शाळा सोडून गेल्यावर पुसता का.

खडू_फळा
मी शिकवते, वर्गात ४८ मुलं. कोण कुठे अडलंय हे डोक्यात ठेवायचं म्हणजे मलाच अपार आयडी लागेल 😄 त्यामुळे ॲपचा उपयोग होतो, नाकारत नाही. पण माझी भीती लीकची नाही हो, चुकीच्या माहितीची आहे. एका मुलाला ॲपनं 'अनियमित' ठरवलं. घरात फोन एकच, तो वडिलांकडे, ते नऊला घरी येणार, मग हा साडेनऊला होमवर्क टाकणार. आणि मधेच धाकटी बहीण त्याच्याच लॉगिनवर बसून वाट्टेल ती बटणं दाबणार. लाल रंगात नाव आलं आणि बिचारा खालच्या बॅचला गेला. घरी फोन किती, एवढं एकदा विचारलं असतं तरी पुरे होतं.

सराफ्याचे_काका
काय बाऊ करता! आमचा रिझल्ट शाळेच्या बोर्डावर लागायचा, नापास झालो की संध्याकाळपर्यंत राजवाड्याला बातमी. काही बिघडलं नाही आमचं.

कोडवाला_विजयनगर
काका, तो कागद पहिल्या पावसात गळून पडायचा. सर्व्हरवरचा पडत नाही. सरकारी दीक्षा ॲपचं आठवतंय का, जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की दहा लाखांहून जास्त शिक्षकांची आणि जवळपास सहा लाख मुलांची माहिती वर्षाहून जास्त काळ उघडी पडली होती. कुणी चोरायलाही गेलं नव्हतं, कुलूपच लावलं नव्हतं.

सराफ्याचे_काका
बरं बाबा. पण नातवाचं ॲप आता बंद करू का? त्याला त्यात फार गोडी लागलीय.

खडू_फळा
बंद नका करू काका. लॉगिन तेवढं त्याचं एकट्याचं ठेवा आणि मोबाईल नंबर तुमचा द्या, त्याचा नको.

लोकमान्यनगरची_आई
अपडेट देते. आज शाळेत जाऊन आले. तासभर ॲपवाल्यांना शिव्या घालून झाल्यावर निघालं काय, तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सगळ्या तुकडीच्या मार्कांची पीडीएफ टाकली होती, पालकांच्या नंबरांसकट! तीच फिरत फिरत कोचिंगवाल्यांकडे गेली असणार. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणे "पालकांच्या सोयीसाठी". ॲपचं काय साठवतात ते लेखी मागितलंय, बघू. अपारचा फॉर्म अजून फ्रीजवर मॅग्नेटखाली आहे, शुक्रवारपर्यंत मुदत.