मदत हवी आहे: दोन सिंथचे प्रीसेट (सेव्ह केलेले आवाज) एकाच जागी कसे लावायचे?

परभणीत लग्नाची अन् देवाची गाणी बसवतो. विंडोज 11, रेकॉर्डिंगला रीपर, अन् व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ. गायक समोर ताटकळलेला, अन् मी संबळाखाली बसेल असा बेस शोधत 'बेस_फायनल2' असली नावं उघडतोय!

आवडता प्रीसेट खुणवायला व्हायटलमध्ये स्टार, सर्जमध्ये फेव्हरिट. पण एकाचं दुसऱ्याला कळत नाही. वाद्यानुसार फोल्डर केले, तर एकच पॅड (मागे लांबत राहणारा आवाज) आरतीलाही लागतो अन् वरातीलाही, म्हणून कॉप्याच वाढल्या. रीपरचे ट्रॅक टेम्प्लेटही (सिंथसकट सेव्ह केलेले ट्रॅक) करून पाहिले, पण उघडल्याशिवाय आवाज कळत नाही. जुन्या प्रोजेक्टची काळजी नाही, सेटिंग त्यांच्यातच सेव्ह असते. विकतचा प्रीसेट ब्राउझर नको. लाइट गेली की नेटही जातं, म्हणून ऑफलाइनच पाहिजे.

दोन्हींच्या प्रीसेटला एकाहून जास्त टॅग लावून, ऐकून निवडायची सोय रीपरच्या मीडिया एक्सप्लोररमध्ये कुणी केली आहे का? कशी?