ताडोब्याला जाऊन रिसॉर्टात राहणं म्हणजे पैशाची माती? तुम्हीच सांगा

हिंगणघाटवाला

नात्यातल्या ग्रुपवर सध्या माझी धुलाई सुरू आहे म्हणून इथं मांडतो. मे महिन्यात आईबाबांना घेऊन मोहर्ली गेटजवळच्या एका रिसॉर्टात राहून आलो. एसी खोली, तिन्ही टाइम जेवण, स्विमिंग पूल, सगळं असलेलं. फोटो टाकल्याबरोबर मामेभाऊ म्हणते वाघ पाहायला गेलते का गादीवर लोळायला, तेवढ्या पैशात गावातल्या होमस्टेत आठवडाभर राहिले असते. आणि मावशीचं म्हणणं की शेगावच्या भक्तनिवासात याहून साफ खोली भेटते, वरतून महाराजांचं दर्शन होते ते वेगळं.

माझं म्हणणं सरळ आहे. चंद्रपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, पहाटे उजाडायच्या आत गेटवर हजर व्हायचं, चार-पाच तास उघड्या जिप्सीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, परत दुपारी उन्हात तेच. आईचे गुडघे गेलेले, बाबांना शुगर. अशा माणसांना घेऊन जायचं असेल तर कमोड, खालच्या मजल्यावरची खोली, न जाणारी लाइट आणि टायमावर जेवण ही काही चैन नाही. पहाटे साडेचारला चहा-बिस्किट दारात. बाबांच्या शुगरचं पहिल्या दिवशी सांगून ठेवलं तर सफारीच्या डब्यात जॅमब्रेडच्या जागी उकडलेली अंडी आणि मेथीचे पराठे, नंतर पुन्हा आठवण द्यावी लागली नाही. आणि परत आलो की दारात एक पोट्टा ट्रे घेऊन उभा, बर्फाच्या पाण्यात पिळलेले नॅपकिन आणि पन्हं. बाबांनी तोंड पुसलं तर पांढरा नॅपकिन विटकरी झाला, मग त्यांनी तो चारी कोपरे जुळवून घडी करून परत ट्रेमधे ठेवला आणि त्या पोट्ट्याला म्हणाले, कुठचा रे बापू तू? भद्रावतीकडचा निघाला. मग उभ्या उभ्याच कपाशी अन् सोयाबीनच्या भावावर चर्चा, जिप्सीवाला बिचारा आमच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन ताटकळत.

तक्रारी आहेतच. चेक-इन दोनला आणि दुपारच्या सफारीला अडीचला निघायचं, म्हणजे आई पहिल्या दिवशी लॉबीतल्या सोफ्यावरच बसून, तिथंच जेवून, तिथूनच जिप्सीत. जेवणात पनीर बटर मसाला आणि हक्का नूडल्स, वरण असं की बाबा म्हणे हे दवाखान्यातून मागवते का. आणि बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज घुसवलेला, काउंटरवर हटकलं तेव्हा काढला. पण एकंदरीत पैसे वसूल. बोला.

बफरमधला_एक

तुमच्या मायबापाले आराम भेटला, चांगलं झालं, त्याच्यावर आपलं काई म्हननं नाई. पन मी याच जंगलाच्या कडेच्या बफर पट्ट्यातला हाये म्हनून विचारतो, तुमी जे पैसे देल्ले ते गेले कुठं? जागा घेनारा मालक बाहेरचा, म्यानेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा. आमच्या गावचे पोट्टे बगीच्यात पानी टाकाले, भांडे घासाले अन् तुमच्या बाबाले नॅपकिन द्याले. भाजीपाला टेम्पोत भरून शहरातून येते. आमी इथं धान काढतो, लाखोळी काढतो, वांगे काढतो, त्यातलं काईच त्या बफेत दिसत नाई, तांदूळ बासमती पायजे अन् कोंबडी ब्रॉयलर पायजे. होमस्टेत तुमी पाचशे रुपये जास्त देल्ले तरी ते त्या घरच्या बाईच्या हातात पडते, पोट्टीच्या फीमदे जाते, एवढा फरक हाये.

अन् पूल. मे महिन्यात आमचा हँडपंप दहा हापशे मारल्यावर पानी देते, रिसॉर्टाच्या बोअरले मात्र पानी लागते कारन ते खोल गेले. हे बोललं की पोटदुखी म्हनते लोकं.

कूलरप्रेमी_अकोला

एसी एसी काय लावलं राजेहो. मे महिन्यात वाळ्याचे ताटे लावलेला कूलर आणि खिडकी उघडी, त्याच्यासारखी झोप एसीत येत असेल तर दाखवून द्या. एसीतून निघून डायरेक्ट जिप्सीत बसलं की नाकातून रक्त येते, हे कोणी सांगत नाही.

पुण्याहून_समृद्धीनं

कूलरप्रेमी, कूलरला पाणी लागतं आणि लाइट लागते, होमस्टेमध्ये ऐन दुपारी दोन्ही गेलं की कूलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. अनुभव आहे.

मी मूळ मुद्द्यावर हिंगणघाटवाल्यांच्या बाजूनं. होमस्टेवाले "आपलंच घर समजा" म्हणतात तिथंच माझं बिनसतं, मला घर नकोच असतं हो, घर आहे की माझं कोथरूडला. मला हवा असतो असा माणूस ज्याला रात्री अकराला फोन करून गीझर चालत नाही म्हटलं तर मला अपराधी वाटणार नाही. आणि आता समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाल्यापासून आमच्याकडचे लोक गाड्या काढून येतात, दिवसभर ड्राइव्ह करून आल्यावर लेकरं पूलमध्ये उतरली की आईवडील सुटतात. त्यात लाज कसली.

बिलाबद्दल थोडं, कारण पुष्कळांना माहीत नसतं. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७४०० ची खोली आणि ७६०० ची खोली यात दोनशेचा फरक दिसतो पण हातात बिल येतं तेव्हा जवळजवळ बाराशेवर जातो. हे बुकिंग करतानाच टॅक्ससकट विचारायचं. आणि सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नव्हेच, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात टाकता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. काढत नसतील तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावायचा, बहुतेक वेळा नुसता नंबर घेतला तरी काढतात.

बफरमधला_एक

पुनेकर भाऊ, सर्व्हिस चार्ज काढा, बरोबर हाये. पन मंग खाली उतरल्यावर त्या पोट्ट्याले वेगळे देल्ले का? का तेबी वाचले?

यवतमाळची_सून

सगळे पुरुषच बोलून राहिले म्हणून मी बोलते. आम्ही दोन्ही केलं आहे, होमस्टेही आणि असं मोठं रिसॉर्टही.

होमस्टेचं घर फार छान होतं, शेणानं सारवलेलं अंगण, जेवण तर विचारूच नका, चुलीवरची भाकर, भरीत, वरून कांद्याची पात. पण ती बाई चुलीपुढं बसलेली, घामानं पदर भिजलेला, आणि मी पाहुणी म्हणून बाजेवर बसून ताट यायची वाट पाहायची? मला नाही जमलं. पाच मिनिटांत मी उठून आत, पोळपाट ओढला आणि तिला म्हटलं सरक. आमचे हे बाहेर यजमानासोबत वाघाच्या गोष्टी ऐकत. ती मला सांगत होती की पाहुणे असले की ती तीनला उठते आणि सगळ्यांचं आटोपून झोपायला बारा वाजते, आणि पैसे हातात कोणाच्या पडते तर नवऱ्याच्या. बफरमधले भाऊ, तुम्ही म्हणता ना त्या घरच्या बाईच्या हातात, ते एकदा तिला विचारून पाहा.

रिसॉर्टात मी कोणाची बाई नसते. ताट वाढून येते, उचलून जाते, ज्याला त्या कामाचा पगार आहे तोच उचलते आणि त्याची ड्यूटी संपली की तो घरी जाते. वर्षातून एकदा कोणीतरी मला "मॅडम, चहा अजून घेणार का" विचारते, त्याचे पैसे मी हसत देते.

कूलरप्रेमी_अकोला

ताईसाहेब एक नंबर. आमच्या घरी हे वाचून दाखवणार नाही.

हाऊसकीपिंग_सोडलेला

मी चिमूर तालुक्यातला, नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स केला आणि कोलारा साइडच्या एका रिसॉर्टात हाऊसकीपिंगला होतो, आता दुसऱ्या लाइनमधे आहे. तुमचं चालू द्या, फक्त काही गोष्टी आतून कशा असतात ते सांगतो.

लॉबीत बसवलं म्हणता ना, त्याचं कारण ऐका. सकाळच्या सफारीला गेलेला गेस्ट साडेदहाच्या आधी परत येत नाही, आला की नाश्ता करते, आंघोळ करते, म्हणून चेकआउट अकराचं नुसतं नावाला, खोली हातात येते बारा वाजता. दोनला नवीन गेस्ट. मधल्या दोन तासात एका माणसाकडे आठ-नऊ खोल्या, बेडशीट, टॉवेल, बाथरूम, आणि ताडोब्याची धूळ अशी की गेस्टनं एकदा पांढऱ्या चादरीवर बूट घालून पाय ठेवला की ती चादर पुढं कामातून गेली. त्यात लंचचा टाइम तोच, म्हणून आम्ही जेवायचो चार वाजता, सगळे दुपारच्या सफारीला गेले की. तुम्हाला सल्ला हाच की पहिल्या दिवशी दुपारची सफारी बुकच करू नका, संध्याकाळी आरामात पोचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असते हेही पाहून घ्या, लोक तिकीट-बिकीट काढून येतात आणि मग रिसेप्शनवर भांडतात.

टिपचं, रूममधे ठेवलेली टिप ज्यानं खोली केली त्याला भेटते, काउंटरच्या डब्यात टाकली तर सगळ्यांत वाटली जाते, त्यात भांडेवाल्यांनाही जाते. दोन्ही ठीक आहे, तुम्हाला कोणाला द्यायची ते ठरवा.

आता बफरमधल्या भाऊंना. नोकरी चांगली होती असं मी म्हणत नाही. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, तर आमच्यातल्या अर्ध्यांना घरी बसवायचे, पगार बंद. पण त्या युनिफॉर्मवर माझ्या बहिणीचं लग्न निघालं आणि मला इंग्रजीत दोन वाक्य बोलता आले ते तिथंच. आमच्याच गावात एकानं होमस्टे काढला, त्याच्याकडे कामाला किती लोक? त्याची बायको आणि त्याची माय. बस.

बफरमधला_एक

तुह्यं खरं हाये बाबू, बहिनीच्या लग्नाचं मी नाकारत नाई. ताईचंबी, आमच्याकडं बाईच्या हातात पैसा राहात नाई हे खरं. तरी तुमी दोघंबी माह्या मेन मुद्द्याले बगल देल्ली. पगार बंद करून तीन महिने घरी बसवते त्याले तुमी रोजगार म्हनता? अन् वांगे?

आनखीन एक. मे महिन्यातच आमच्या बाया पहाटे तेंदूपत्त्याले निघते, तुमची जिप्सी बी त्याच टायमाले निघते. मे २०२५ मदे सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडाले गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. वाघ तोच हाये. तुमाले दिसला तं रिसॉर्टात टाळ्या वाजते, केक कापते.

हिंगणघाटवाला

भाऊ, हे वाचून वाईट वाटलं आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण याचा एसी खोलीशी काय संबंध, हे मला खरंच नाही समजलं. होमस्टेत राहिलो असतो तरी त्याच जिप्सीत बसून तोच वाघ पाहायला गेलो असतो ना? राग काढायचा तर सगळ्या टुरिझमवर काढा, किंवा फॉरेस्टवर काढा, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या कमोडवर कशाला.

वांग्याचं मात्र मी तुमच्या बाजूनं. निघताना त्यांनी फीडबॅकचा फॉर्म दिला, बाबांनी पेन मागून मराठीत लिहिलं की चंद्रपूर जिल्ह्यात येऊन भरीत-भाकर भेटत नसेल तर शेफले आमच्या घरी दोन दिवस पाठवा. म्यानेजर हसला. पाठवणार नाही म्हणा.

पुण्याहून_समृद्धीनं

गेस्टनं मागितलं तरच मेनू बदलतो हो. पनीर लोक मागतात म्हणून असतं. आमच्या ग्रुपमधल्या लेकरांनी भरीताकडं ढुंकूनही पाहिलं नसतं.

यवतमाळची_सून

तुमची लेकरं भरीत खात नाही हे तुमच्याजवळच ठेवा भाऊ. 😄 पण मागावं लागते हे बरोबर आहे. आम्ही आदल्या रात्री सांगितलं होतं तर दुसऱ्या दिवशी पाटोडी-रस्सा केला, आणि तो शेफनं नाही, भांड्यावरच्या मावशींनी केला. शेफ बाजूला उभा राहून पाहत होता. मावशींना त्याचे वेगळे पैसे भेटले का हे मला विचारता नाही आलं, आता वाटते विचारायला पाहिजे होतं.

हाऊसकीपिंग_सोडलेला

नसतील भेटले. आमच्याकडेही असंच होतं. गेस्टनं मावशीच्या हातात सरळ द्यायचे, तोच एक रस्ता.

बफरमधला_एक

आता बोलल्या ना ताई कामाचं. मावशीनं रांधलं तं मावशीचं नाव मेनूवर लिहा अन् शंभर रुपये जास्त लावा, मंग म्या बी रिसॉर्टाले नावं नाई ठेवनार. कमी ठेवीन.

हिंगणघाटवाले भाऊ, पुढच्या टायमाले पावसाळ्यात या. कोअर बंद राहाते पन बफर चालू असते, गर्दी नाई, रेट अर्धे, एसीचं कामच नाई. बाबाले आमच्याकडं घेऊन या जेवाले, कमोड शेजारच्या घरी हाये, सांगून ठेवतो.

हिंगणघाटवाला

पावसाळ्यात डवरणी-निंदण टाकून बाबा येतील असं वाटते का तुम्हाला? मे महिन्यात आणलं तेच मोटरपंपाच्या रिवाइंडिंगचं काम अर्धवट सोडून, आणि सगळ्या सफारीत मागं बसून मेकॅनिकला फोन लावून राहिले होते तर गाइडनं मोबाईल बंद करायला लावला.