मदत हवी आहे: घरगुती भूकंपमापकातल्या लोलकाची हालचाल कशी टिपावी?

नमस्कार मंडळी. मी पाटणचा, जि. सातारा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्याकडे अजून घरोघरी सांगतात, आणि बारीक हादरे आजही बसतात. ते घरीच नोंदवावेत म्हणून आडवा लोलक बांधलाय: फाटकासारखा झुलणारा दांडा, टोकाला वजन, एका झोक्याला साधारण 15 सेकंद. दांड्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी चुंबकांमधून फिरते, त्यामुळे झोके लगेच विरतात. हे फार छान जमलंय.

अडलंय ते हालचाल टिपण्यात. चुंबक आणि कॉइल लावली तर व्होल्टेज मिळतं ते वेगाच्या प्रमाणात. जवळच्या हादऱ्यांना ते पुरतं, पण दूरच्या मोठ्या भूकंपाच्या 20 सेकंदांच्या संथ लाटांना सिग्नल फारच क्षीण. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) दांड्याची जागा थेट दाखवतो, मात्र दुपारी खोली तापली की शून्यच सरकतं.

आता एलईडी आणि दोन फोटोडायोडमध्ये (प्रकाश ओळखणारे भाग) पडदी हलवावी, की तीन पट्ट्यांचा कपॅसिटिव्ह सेन्सर (पट्ट्यांमधलं अंतर बदललं की धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते; त्यावरून जागा कळते) करावा? मला दुसरा पटतो, पण तारांची स्वतःची धारिता आड येणार. ॲम्प्लिफायर पट्ट्यांजवळच बसवला तर भागेल का? पट्ट्यांमध्ये अंतर किती ठेवावं? कुणी केलं असेल तर सर्किटचा फोटो टाका, प्लीज.