क्लोद लोरियुस यांच्या संशोधनाचा प्रभाव नेमका कशावरून ठरवावा?

प्रश्न

विज्ञानाच्या इतिहासावरील एका टिपणासाठी मी फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियुस (१९३२–२०२३) यांच्या कार्याचा अभ्यास करीत आहे. अंटार्क्टिकातील व्होस्तोक येथील बर्फाच्या गाभ्यावरील (हिमस्तरात खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलावरील) संशोधनाशी त्यांचे नाव नेहमी जोडले जाते. परंतु ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ऑक्टोबर १९८७ मध्ये आलेल्या तिन्ही प्रसिद्ध निबंधांत ते सहलेखक आहेत आणि पहिले नाव अनुक्रमे झूझेल, बार्नोला आणि झाँतों यांचे आहे. व्होस्तोकवरील १९९९ च्या निबंधात तर पहिल्या तीन नावांनंतरची सगळी यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली असल्यामुळे त्यांच्या स्थानावरून काहीच कळत नाही. मग त्यांचे स्वतःचे योगदान कोणते मानावे?

प्रतिसाद १

लेखकांच्या क्रमावरून हे कोडे सुटणार नाही. हा गाभा फ्रेंचांच्या हाती कसा आला, येथून सुरुवात करावी लागेल. १९५७ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने, लोरियुस यांनी किनाऱ्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत असलेल्या शार्को या बर्फाखालच्या लहानशा तळावर अवघ्या दोन सहकाऱ्यांसह हिवाळा काढला. पुढे त्यांनी बर्फातील जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे, प्रमाण आणि हिमवर्षाव झाला त्या जागेचे तापमान यांचा संबंध अंटार्क्टिकात प्रत्यक्ष मोजमापांनी पक्का केला. व्होस्तोकच्या गाभ्यातून तापमानाचा जो आलेख मिळाला, तो या संबंधावरच उभा आहे.

दुसरा भाग मुत्सद्देगिरीचा आहे, आणि माझ्या मते तो तितकाच महत्त्वाचा आहे. व्होस्तोक हा सोव्हिएत तळ. छिद्रण सोव्हिएत अभियंत्यांचे, विमाने अमेरिकेची आणि प्रयोगशाळा फ्रान्समधल्या, अशी मांडणी शीतयुद्धाच्या ऐन काळात १९८४ च्या अखेरीस जुळून आली, त्यामागे लोरियुस यांनी वर्षानुवर्षे जपलेले व्यक्तिगत संबंध होते. पुढच्याच वर्षी दीड लाख वर्षांच्या हवामानाची नोंद मांडणारा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यावर मात्र पहिले नाव लोरियुस यांचेच आहे, हेही आपल्या टिपणात यावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण श्रेय एकाच व्यक्तीभोवती गोळा होऊ नये असे वाटते. पाण्यातील समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, जुने तापमान काढता येईल ही कल्पना डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी १९५४ मध्येच मांडली होती. हिमयुगात कार्बन डायऑक्साइड आजच्यापेक्षा कमी होता, हे १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोबलप्रमाणेच स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स ओशगर यांच्या गटानेही दाखवले. पर्यावरणविषयक कार्यासाठीचा १९९६ चा टायलर पुरस्कार डान्सगार्ड, ओशगर आणि लोरियुस या तिघांना मिळून देण्यात आला, हे मला अधिक न्याय्य वाटते.

खरा प्रभाव शोधायचा असेल, तर तो निबंधांच्या संदर्भसंख्येत शोधू नये. एखादा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात जाऊन बसला की त्याचा उल्लेख करण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि मोजणी तेथेच कोलमडते. हिमयुगात सुमारे १८० आणि उष्ण कालखंडांत सुमारे २८० ते ३०० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख भागांतील भाग), ही कार्बन डायऑक्साइडची मर्यादा व्होस्तोकमुळे सर्वमान्य झाली. १९९९ पर्यंत ही नोंद ४,२०,००० वर्षे मागे गेली, तर युरोपीय गटाच्या, अंटार्क्टिकातीलच डोम सी येथील गाभ्याने ती पुढे ८,००,००० वर्षांपर्यंत नेली. आज हवेत ४२० पीपीएमहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे हे वाक्य लिहिणारा प्रत्येक जण, त्याला माहीत असो वा नसो, याच मोजपट्टीचा आधार घेत असतो.

प्रतिसाद ३

एक मुद्दा राहून गेला आहे. तापमान आधी वाढले आणि कार्बन डायऑक्साइड नंतर, असा आक्षेप व्होस्तोकच्या याच आलेखांवरून वारंवार घेतला जातो, म्हणून टिपणात त्याची दखल घ्यावी. तापमान बर्फावरून, तर कार्बन डायऑक्साइड बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून काढतात. व्होस्तोक येथे हिमवर्षाव अत्यल्प असल्यामुळे ही हवा सुमारे शंभर मीटर खोलीवर बंदिस्त होते, आणि परिणामी बुडबुड्यातील हवा तिच्या भोवतालच्या बर्फापेक्षा २,००० ते ६,००० वर्षांनी तरुण असते. या फरकाचा अंदाज बदलला की दोन्ही आलेखांचा मेळही सरकतो, त्यामुळे केवळ व्होस्तोकवरून क्रमाचा काटेकोर निवाडा करणे अवघड होते. शिवाय पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनी सुरू झालेल्या तापमानवाढीला हरितगृह वायूंनी बळ दिले, असेच लोरियुस यांच्या गटाचे म्हणणे होते. झाँतों यांचा १९८७ चा निबंध याच प्रश्नावर आहे. तिन्हींपैकी एकच वाचायला वेळ असेल, तर तो वाचावा.

आपल्याकडचा काही धागा हवा असल्यास, गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात बर्फाचे गाभे जपण्याची आणि त्यांतील समस्थानिके मोजण्याची सोय आहे. तेथील शोधनिबंधांत ड्युटेरियमवरून तापमान काढण्याचा भाग पाहिल्यास ही पद्धत पुढे कशी वापरली गेली, हे आपल्याला थेट दाखवता येईल.