शेणातून विंचू, केळ्यातून चिलटं: सातवीला रेडीचा प्रयोग दाखवायचाय, कुठं फसतो?

खानापूर_गुरुजी:
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीचा १६६८ चा प्रयोग मांडायचा आहे: मांसात अळ्या आपोआप उपजत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात, हे त्यानं दाखवलं. शाळेत मांस चालणार नाही, म्हणून केळं घेतोय. पण चाचणीत जाळी बांधलेल्या बरणीतही अळ्या झाल्या आणि पोरं म्हणाली, "बघा सर, आपोआपच होतात की!" शिवाय शेणीच्या हुडव्यातून (रचलेल्या ढिगातून) विंचू निघताना त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. त्यांना काय सांगावं?

मार्कंडेयकाठ:
गुरुजी, अळ्या बहुतेक तुम्हीच बरणीत घातल्यात. चिलटं सालीच्या चिरांत, देठापाशी अंडी घालून गेलेली असतात. केळं सालीसकट दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवा, मग सोला, आणि त्याच केळ्याचे तुकडे सगळ्या बरण्यांत टाका. वेगवेगळी केळी घेतली तर तुलना संपली.

जाळी कुठली होती? मच्छरदाणीची असेल तर उपयोग नाही. चिलट अडीच-तीन मिलिमीटर लांब, पण अंगानं बारीक; त्या भोकातून सहज आत जातं. बँडेजची पट्टी त्याहून विरळ. जुनं मलमल दुहेरी करून रबरानं गच्च बांधा.

बरण्या नऊ घ्या: तीन उघड्या, तीन कापडाच्या, तीन घट्ट झाकणाच्या. एकेकच ठेवली आणि त्यातली एक फसली, तर कुठल्या बरणीवर विश्वास ठेवायचा? २५ अंशांच्या आसपास अंड्यातून अळी साधारण दिवसभरात निघते, पुरं चिलट व्हायला दहाएक दिवस लागतात. म्हणजे १५ तारखेला मांडलं की २८ ला सगळं दिसेल. झाकणाची बरणी निम्मीसुद्धा भरू नका. केळं आंबून वायू साठतो. ती वर्गाबाहेर नेऊन उघडा.

तिन्ही प्रकार लागतातच. रेडीनं आधी बरण्या बंद केल्या. त्यावर आक्षेप असा येतो की हवाच कोंडली, मग जीव कसा उपजणार? म्हणून त्यानं बारीक पडदा लावला. हवा आत जाते, माशी जात नाही. माश्या पडद्यावरच अंडी घालतात, म्हणून बरणीभोवती जाळीची आणखी एक चौकट उभी केली. भांडं, मांस, कापड हे तर ॲरिस्टॉटलच्या काळीही होतं. शेजारी दुसरी बरणी ठेवून बघायची रीत मात्र नव्हती. पोरांना एवढं कळलं तरी केळी वाया गेली नाहीत म्हणायचं.

जांबोटीघाट:
विंचवाबद्दल. पोरांना हसू नका, मोठ्या पंगतीत बसलेत ते. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात शेणापासून विंचू होण्याचा दाखला आहे. ऐतरेय उपनिषदात जिवांचे जे चार प्रकार सांगितलेत त्यात घामातून उपजणारे 'स्वेदज' आहेतच. तिकडं युरोपात सतराव्या शतकातला रसायनशास्त्रज्ञ फान हेल्माँट उंदीर 'तयार करायची' कृती देत होता: मळका सदरा आणि गहू भांड्यात घाला, २१ दिवस थांबा. याच माणसानं विलोचं झाड पाच वर्षं कुंडीत वाढवून माती आधी आणि नंतर तोलली होती. २०० पौंडांत जेमतेम दोन औंस घटली! म्हणजे मोजमाप येत होतं. उंदराच्या वेळी मात्र भांडं उघडं राहिलं.

हुडव्यातून विंचू निघतो हे निरीक्षण खरंच आहे. तिथं सावली असते, किडे खायला मिळतात, म्हणून तो राहतो. विंचवीण अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते आणि पाठीवर वागवते. त्यामुळं शेणात अंडी कुणाला सापडली नाहीत आणि समज टिकला. फोटोच दाखवा, पोरांना हुडवा उसकटायला लावू नका.

खानापूर_गुरुजी:
पटलं. पण एक पोरगी विचारतेय, घट्ट डब्यातल्या तांदळात टोके कुठून येतात?

मार्कंडेयकाठ:
हुशार आहे! मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बुजवते. दाणा अख्खा दिसतो, टोका महिनाभरानं बाहेर येतो. एकाच पोत्यातला तांदूळ दोन बाटल्यांत भरा. एक बाटली आठवडाभर फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांना ठेवा, मग दोन्ही शेजारी ४५ दिवस. मुगाचं सोपं आहे: भुंगेऱ्याची पांढरी अंडी दाण्यावर चिकटलेली भिंगाशिवायही दिसतात.

निपाणीचा_शंकेखोर:
रेडीनं विषय मिटवला असं मात्र शिकवू नका. झाडावरच्या गाठींतले किडे झाडच निर्माण करतं, असं तो स्वतः मानत होता. पुढं सूक्ष्मजीव दिसायला लागले आणि तोच वाद पुन्हा पेटला. १७६५ मध्ये स्पालांझानी या इटालियन शास्त्रज्ञानं रस्सा बंद करून जास्त वेळ उकळला. विरोधक म्हणाले, हवा बिघडवलीस. १८६० च्या सुमारास फ्रान्सच्या पाश्चरनं रश्श्याच्या चंबूची मान हंसासारखी वाकवली. हवा जाते, धूळ वाकणात अडते. मान मोडली की रस्सा नासतो.

हे शाळेत करायचं तर नुसतं उकळून भागणार नाही. बेळगावात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, आणि गवताच्या काढ्यातले काही बीजाणू (जंतूंची कवचातली, चिवट रूपं) १०० अंशांनाही मरत नाहीत. रश्श्याच्या बाटलीला कापसाचा बोळा लावून ती प्रेशर कुकरमध्ये ठेवा आणि शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर वीस मिनिटं ठेवा. कुकर आपसूक गार होऊ द्या. वाफ एकदम सोडली तर रस्सा उतू येऊन कापसाचा बोळा भिजतो, आणि ओल्या बोळ्यातून जंतू आत शिरतात.