‘त्याची दया सनातन आहे’ : इथे ‘दया’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न
चर्चच्या उपासनेत बायबलमधलं स्तोत्र १३६ वाचत होतो. पुढचा एक ओळ वाचतो आणि बाकीचे ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणतात, असं २६ वेळा. दहा-बारा ओळी झाल्यावर शेजारी बसलेल्या भाच्याने कानात विचारलं, “मावशी, आपण असं काय केलंय की देवाला आपली सारखी दया येते?” हसू आलं, पण उत्तर सुचेना. मराठीत दया येते ती आंधळ्या-पांगळ्याची, अनाथाची. देवाच्या न संपणाऱ्या चांगुलपणाला हा शब्द तोकडा नाही का पडत?

प्रतिसाद
भाच्याने बरोब्बर बोट ठेवलंय. मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’. जुन्या करारात तो सुमारे २५० वेळा येतो, त्यातले निम्म्याच्या आसपास स्तोत्रांत. दया वरून खाली वाहते आणि एकदा करून मोकळं होता येतं. हेसेदला आधी नातं लागतं, करार लागतो. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचं मला वाटतं ते ‘जागणे’ : शब्दाला जागणे, नात्याला जागणे. रूथच्या पुस्तकात नामी आपल्या विधवा सुनांना म्हणते की तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं वागलात तसं परमेश्वर तुमच्याशी वागो. तिथेही हेसेदच आहे. सुनांनी सासूची कीव केली नव्हती, त्या नात्याला जागल्या होत्या.
पालुपद हिब्रूत तीनच शब्दांचं आहे, ‘की लेओलाम हसदो’. क्रियापद नाहीच. ‘कारण सदासर्वकाळ त्याची हेसेद’, एवढंच.

प्रतिसाद
पटलं, पण मग पंधरावी ओळ घ्या. इजिप्तच्या राजाला, फारोला, आणि त्याच्या सैन्याला तांबड्या समुद्रात लोटलं, आणि लगेच ‘त्याची दया सनातन आहे’. फारोच्या बाजूने वाचून बघा!

प्रतिसाद
फारोच्या बाजूने तो न्याय आहे, त्याला गोड करून सांगू नये. हेसेद तिथे गुलामीतून सुटलेल्या इस्राएलांना दिलेल्या शब्दाची आहे. ‘दया’ शब्दामुळे ती ओळ विचित्र वाटते, ‘जागला’ म्हटलं की अर्थ लागतो. मात्र स्तोत्र तिथे थांबत नाही. पंचविसाव्या ओळीत तो सर्व प्राणिमात्रांना अन्न देतो, आणि पालुपद तेच. कराराचा शब्द तिथे अख्ख्या सृष्टीला लागू झालाय. मी तरी त्या ओळीपाशी दर वेळी थबकतो.

प्रतिसाद
‘सनातन’वरही बोला की. आज तो शब्द ऐकला की डोक्यात भलतंच येतं, कर्मठपणा वगैरे. ‘ओलाम’ म्हणजे मागे-पुढे कुठेही काठ न दिसणारा काळ. न संपणारं म्हणायला आपल्याकडे दोन शब्द आहेत : ‘अनंत’, ज्याला शेवट नाही, आणि ‘अखंड’, ज्यात खंड नाही. दुःखातल्या माणसाला दुसरा जास्त लागतो. शेवटी सगळं ठीक होईल हे त्याला कळतं, पण आज रात्री काय? विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात हेच आहे. यरुशलेम पडलेलं (इ.स.पू. ५८६ च्या सुमारास), लोक उपाशी, आणि कवी म्हणतो की त्याचा कळवळा दर सकाळी नवा असतो. तिथे हेसेदच्या जोडीला ‘रहमीम’ आहे, तो ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाच्या कुळातला. आपण ‘आतड्याची माया’ म्हणतो ना, तसं काहीसं.

प्रतिसाद
मूळ प्रश्नातल्या ‘चांगुलपणा’बद्दल. या शब्दाचं मराठीत वाईट झालंय. चांगुलपणा म्हटलं की पुढे ‘...चा गैरफायदा घेतला’ येणारच. त्यापेक्षा स्तोत्र १३६ च्या पहिल्याच ओळीतलं ‘तो चांगला आहे’ हे साधं वाक्य भक्कम. हिब्रूत तिथे ‘तोव’ आहे, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने प्रकाश पाहून ‘चांगला’ म्हटलं तोच शब्द.
आणि एक गंमत. स्तोत्र २३ च्या शेवटच्या ओळीत ‘तोव’ आणि ‘हेसेद’ माझ्यामागे येतात, त्याचं क्रियापद ‘रादाफ’, म्हणजे पाठलाग करणे. निर्गमाच्या पुस्तकात फारोचं सैन्य इस्राएलांच्या मागे लागतं तिथेही हेच क्रियापद. सावलीसारखं निवांत मागे चालणं नाही हे, चांगलं धावत गाठणं आहे. ‘पिच्छा पुरवणे’ म्हणायचा मोह होतो, पण वेदीवरून ते कसं वाचणार!

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. पालुपद बदलणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलंय ते. भाच्याला ‘शब्दाला जागणे’ सांगितलं. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न : “मग देव झोपतच नाही?” त्याला ‘तो झोपत नाही’ म्हणणारं स्तोत्र १२१ काढून दिलंय.