बाकावरचा गोलरक्षक

‘नुनो एस्पिरितो सांतो (पुढे प्रशिक्षक झालेले पोर्तुगीज फुटबॉलपटू) पोर्तो या पोर्तुगीज क्लबात कायम राखीव गोलरक्षक होते, त्यामुळे त्यांच्या खेळाडूपणात सांगण्यासारखे काही नाही’ हे मत मला अर्धेच पटते. पहिल्या पसंतीचे गोलरक्षक व्हितोर बाइआ संघात असताना त्यांच्या वाट्याला बाकच अधिक आला आणि २००४ची चॅम्पियन्स लीगची (युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची) अंतिम लढतही त्यांनी तिथूनच पाहिली, हे खरे. मात्र त्याच वर्षीच्या डिसेंबरात योकोहामा येथे कोलंबियाच्या ओन्से काल्दासविरुद्धच्या इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या (युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांमधल्या) सामन्यात बाइआ यांना हृदयाच्या त्रासामुळे मैदान सोडावे लागले, तेव्हा हातमोजे चढवून आयत्या वेळी उतरले ते नुनोच. गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींचा निकाल ८-७ असा पोर्तोच्या बाजूने लागला.

इतकी वर्षे बाकावरून खेळ न्याहाळणे ही प्रशिक्षकपदाची उमेदवारीच म्हणायची (हा अर्थात माझा तर्क). वुल्व्हज या इंग्लिश क्लबाला त्यांनी २०१७-१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून ९९ गुणांसह प्रीमियर लीग या अव्वल श्रेणीत नेले आणि आदल्या हंगामात सतराव्या स्थानी राहिलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला २०२४-२५ मध्ये सातवे स्थान मिळवून दिले. टॉटनहॅम या लंडनच्या क्लबात मात्र चार महिन्यांतच गाशा गुंडाळावा लागला.